भोंगा मिस्त्रीने मारलेली कपची

या गवंड्याला सगळे भोंगा मिस्त्री म्हणत, आणि हे नाव त्याने स्वतःच्या घशाच्या जोरावर कमावलं होतं. चाळीस वर्षं त्याने दगडी कमानी आणि घुमट बांधले. तेवढीच वर्षं आपल्याइतका शहाणा अजून जन्माला यायचाय, असं ज्याला त्याला ऐकवलं. लोक ऐकून घेत. काय करणार, कमानी उभ्या होत्या ना!

त्याचा एक नियम होता. कमानीचे दगड आधी लाकडी साच्यावर रचतात. मधला कळीचा दगड बसला, चुना वाळला, की साच्याखालच्या पाचरी ठोकून काढतात आणि साचा खाली उतरवतात. कमान उभी राहते की डोक्यावर येते, ते तेव्हाच कळतं. त्या वेळी ज्याने ती बांधली त्याने खाली बसायचं. भोंगा दर वेळी बसला, वर चहाही मागवला. कुणी इंजिनिअर हमीच्या कागदावर सही मागायला आला, की म्हणायचा, "सही कशाला? पडली तर मी खालीच सापडेन की!"

या खेपेला वाचनालयाच्या दारावरची कमान त्याच्या मुलीने बांधली होती. पहिलीच. म्हणजे खाली बसायचं होतं तिने, आणि झोप उडाली होती याची. तोंडाचा पट्टा अर्थात चालूच. "हा सांधा आहे का गटार?" "दगड तासलास का दातांनी कुरतडलास?" ती काही ऐकूच आलं नाही असा चेहरा करून काम करायची.

साचा उतरवायच्या चार दिवस आधी सगळे जेवायला गेले असताना भोंगा गुपचूप शिडी चढला. कळीच्या दगडाशेजारच्या सांध्यात त्याला फट दिसली. खरं तर हल्ली त्याला वर्तमानपत्रातही फटी दिसत, पण चष्म्याचं नाव काढलं की तो अंगावर यायचा. त्याने चुना थोडा खरवडला, दगडाची एक कपची त्या फटीत ठोकून बसवली आणि मोठ्या समाधानाने खाली उतरला.

शेवटच्या पायरीवर त्याला दरदरून घाम फुटला. सांध्यात कपची मारली की भार सगळ्या दगडावर पसरत नाही, त्या एका टोकावर येतो आणि दगड तडकतो. एवढ्याच कारणावरून त्याने आजवर तीन गवंडी हाकलले होते. पण तोवर माणसं जेवून परत आली होती, आणि कबूल करायचं तर तोंड कुठे लपवणार? पुढचे चार दिवस भोंगा वाजलाच नाही. बायकोने आपलं घशाचं औषध आणून दिलं. त्याने ते मुकाट्याने घेतलं.

ठरल्या दिवशी मुलगी चहाचा पेला घेऊन कमानीखाली जाऊन बसली. कामगारांनी हातोडे उचलले. पहिला ठोका पडला आणि भोंगा बेंबीच्या देठापासून ओरडला.

"थांबा! हात लावू नका! ऊठ पोरी, ऊठ तिथून!"

"काय झालं, बाबा?"

"कळीच्या उजव्या सांध्यात कपची आहे."

"कपची? कोणी मारली?" कामावरचा इंजिनिअर भडकला.

एखाद्या कामगाराच्या माथी मारून भोंगा मोकळा झाला असता. तेवढं डोकं त्याला होतं. पण तो पुढे झाला.

"मी मारली. मला फट वाटली. मला... नीट दिसत नाही हल्ली."

कोणी हसलं नाही. हसले असते तर चार शिव्या तरी देता आल्या असत्या.

मुलीने चहाचा घोट घेतला. "त्याच दिवशी काढली मी ती. चुना परत भरला. तुम्ही शिडीवरून उतरलात की मी वर जाऊन बघून येते, बाबा. वर्ष झालं."

भोंग्याला राग आला, लाज वाटली आणि मग रडूच यायला लागलं. वर्षभर पोरीने त्याच्या चुका निस्तरल्या होत्या आणि वर त्याच्याच शिव्या खाल्ल्या होत्या. तो तरातरा चालत कमानीखाली गेला.

"सरक जरा."

"तुम्ही कशाला? कमान माझी आहे."

"तुझी आहे म्हणूनच बसतोय. ए, काढा रे पाचरी!"

ठोके पडू लागले. साचा खाली सरकला, वर कुठेतरी दगड कुरकुरले, कमान केसभर खाली बसली आणि थांबली. सगळ्यांच्या माना वर गेल्या होत्या. भोंग्याने वर पाहिलंसुद्धा नाही. तो पोरीच्या हातातला पेला घेऊन तिचा उरलेला चहा पीत बसला.