मालोजी बोराट्यांची आकाशी पिकअप

मोशीच्या मालोजी बोराट्यांनी उभी नोकरी दुसऱ्यांच्या चुका काढण्यात घालवली, आणि त्याचा त्यांना पगारही मिळायचा. चाकणच्या वाटेवरच्या एका गाड्यांच्या कंपनीत, रंगकामाच्या शेवटच्या टोकाला, ट्यूबलाइटच्या लख्ख उजेडात ते उभे असायचे. रंगवलेली गाडी समोर आली की हातमोज्यातला हात तिच्या पाठीवरून फिरवायचा, मान तिरकी करून बघायचं, आणि कुठं धुळीचा कण, कुठं ओघळ, कुठं बुडबुडा दिसला की तिथं लाल टिकली चिकटवायची. टिकली लागली की गाडी परत. मग साहेब येवो नाहीतर साहेबाचा साहेब.

कंपनीत या नजरेला मान होता, घरात ती डोकेदुखी होती. मुलासाठी, गणराजसाठी, मुलगी बघायला सगळे संत तुकाराम नगरात गेले, तेव्हा बाकीचे रुपालीशी बोलत होते आणि मालोजीराव पोह्यांची बशी उजेडात फिरवत होते.

"कडंचा टवका गेलाय," ते म्हणाले.

रुपालीच्या वडिलांचा चेहरा उतरला. पण रुपाली शांतपणे म्हणाली, "बशी शेजारच्या काकूंची आहे. त्यांना सांगते तुमचा निरोप."

मालोजीरावांनी तिथंच पसंती दिली.

निवृत्त झाल्यावर मात्र घरच्यांचे हाल सुरू झाले. समोरच्या नव्या टॉवरची एक खिडकी तिरकी बसलीय, हे ते तिथल्या वॉचमनला रोज जाऊन सांगत. वॉचमनने शेवटी त्यांना बघितलं की आत जाऊन बसायला सुरुवात केली. मग वळली ती नजर चुलीकडं. एका सकाळी भाकरी बोटांवर तोलत ते म्हणाले, "एका अंगाला पातळ झालीय गं."

यशोदाबाईंनी तवा खाली ठेवला. "गोठ्यामागं ती गाडी पडलीय ना, तिच्याकडं बघा जरा. जलमभर पुरतील इतक्या चुका हायत तिच्यात. तिथं लावा काय टिकल्या लावायच्या त्या. माझ्या भाकरीला न्हाई."

ती गाडी म्हणजे मालोजीरावांच्या वडिलांची पिकअप. एके काळी तिनं मोशीचा कांदा आणि मेथी मार्केटला पोचवली होती. शेतं गेली, तिथं इमारती आल्या, आणि गाडी गोठ्यामागं जी उभी राहिली ती राहिलीच. केबिनमध्ये कोंबड्या अंडी घालत. मूळचा आकाशी रंग गंजाखाली गेला होता. मालोजीराव तिच्याभोवती एक फेरी मारून आले ते हसतच. त्यांना असं हसताना यशोदाबाईंनी फार दिवसांनी पाहिलं.

इंजिनासाठी चिखलीहून फारूकभाई मेकॅनिक आले. मेंदी लावलेली दाढी, आणि बोलणं कमी. बॉनेट उघडून त्यांनी आत डोकावलं आणि हळूच परत लावलं.

"काका, इथं उंदरीण बाळंत झालीय. आठवडाभर थांबू."

आठवड्यानं उंदरीण बिऱ्हाड घेऊन गेली, तेव्हा साखळी लावून इंजिन बाहेर काढलं आणि टेम्पोतून चिखलीला नेलं. दुसऱ्या दिवसापासून मालोजीराव पोळपाटाएवढा डबा घेऊन गॅरेजमध्ये हजर. इंजिनाचा ब्लॉक बोअर करून आला, नवे पिस्टन आणि रिंगा बसल्या, क्रँक घासून आला. प्रत्येक भागावरून त्यांनी हातमोजा फिरवला.

"हितं बारीक रेघ हाय," ते म्हणायचे.

"ती आतल्या बाजूला जाणार, काका. आत कोण बघतंय?"

"मी बघितली ना."

फारूकभाईंनी दोन दिवस सोसलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी मालोजीरावांच्या हातात आपला जुना कॉम्प्रेसर आणि स्प्रेगन दिली. "काका, तुम्ही रंगाचे माणूस. बॉडी तुम्ही करा. घरी." शेवटच्या शब्दावर त्यांनी जरा जोर दिला.

मालोजीरावांची छाती फुगली. गाडी ढकलत अंगणात आणली, गंज खरवडला, खड्ड्यांत लांबी भरली, पाणी मारून पॉलिश पेपरानं घासघास घासलं, प्रायमर लावला. गाडी तुळतुळीत झाली. मग त्यांनी आकाशी रंग कालवला, गन हातात घेतली, आणि गाडीसमोर उभं राहिल्यावर एक गोष्ट त्यांच्या पहिल्यांदाच ध्यानात आली. एवढ्या वर्षांत त्यांनी स्वतः कधी एक चमचाही रंगवला नव्हता.

पण आता माघार कशी घेणार? अंगणात निम्मी आळी जमली होती. त्यांनी घोडा दाबला. रंग भसकन आला. पुढच्या मडगार्डवर असे ओघळ आले की जणू गाडी रडत होती. दारावर संत्र्याच्या सालीसारखे खड्डे पडले. समोरच्या बांधकामाची धूळ वाऱ्यानं आली ती नेमकी ओल्या बॉनेटवर बसली, आणि तिच्या पाठोपाठ एक कोंबडी.

मालोजीराव तडक घरात गेले, कपाटातून टिकल्यांचं जुनं पाकीट घेऊन आले आणि सवयीनं चिकटवायला लागले. चिकटवत चिकटवत संध्याकाळ झाली. पाकीट संपलं. यशोदाबाई दिवा लावायला बाहेर आल्या आणि दारातच थबकल्या.

"अहो, गाडीला गोवर आलाय का काय!"

मालोजीरावांनी सगळा रंग घासून काढला. पुन्हा मारला, पुन्हा घासला. जेवणात लक्ष लागेना. भाकरी एका अंगाला पातळ आली, दुसऱ्या अंगाला करपली, तरी ते बोलले नाहीत. हे बघून यशोदाबाई घाबरल्या आणि त्यांनी सुनेला गाठलं.

रुपाली हिंजवडीच्या एका कंपनीत होती. त्या दिवशी घरूनच काम चाललं होतं. तिचे वडील पूर्वी दुकानांच्या पाट्या रंगवायचे, आणि लहानपणी अक्षरांत रंग भरायचं काम तिच्याकडं असायचं. तिनं गन घेतली, गाडीच्या मागच्या फाळक्यावर, म्हणजे उघडत्या फळीवर, दोन हात मारून बघितले, आणि सासऱ्यांपुढं येऊन उभी राहिली.

"आप्पा, रविवारी मी मारू का?"

मालोजीराव फाळक्यापाशी गेले. मान तिरकी करून त्यांनी वरपासून खालपर्यंत बघितलं. मग म्हणाले, "बॉनेटपासनं सुरुवात कर."

रविवारी कोंबड्या टोपल्यांखाली डालल्या, गाडी गोठ्यात ढकलली. गोठ्याच्या खांबांना प्लॅस्टिक आणि मच्छरदाण्या बांधून बंदिस्त खोली केली, जमिनीवर पाणी शिंपडलं. रुपालीनं डोक्याला घट्ट रुमाल बांधला, तोंडाला मास्क लावला.

"आप्पा, तुम्ही बाहेर थांबायचं."

"थांबतो की."

ते थांबले, पण घटकाघटकाला मच्छरदाणी वर करून तोंड आत घालत होते. "कोपऱ्यात हात हलका ठेव." "हो, आप्पा." "मागचा भाग सुटला." "अजून तिथं पोचले नाही, आप्पा."

रंग वाळला. मालोजीरावांनी ठेवणीतला हातमोजा घातला. गणराजनं हातात ट्यूबलाइट धरली. इंजिन बसवायला आलेले फारूकभाईही येऊन उभे राहिले. डावी बाजू झाली, टिकली नाही. फाळके झाले, टिकली नाही. उजवं दार झालं, तसा मालोजीरावांना घाम फुटला. सुनेचं कौतुक पोटात मावत नव्हतं आणि तोंडातून निघत नव्हतं. शेवटी ते बॉनेटवर वाकले, आणि त्यांचे डोळे लकाकले.

"हाय! केस अडकलाय."

रुपाली धावत आली. खरंच, आकाशी रंगात बारीकसा केस पुरला होता. तिनं वाकून नीट बघितलं. "आप्पा, माझा नाही हा. माझे केस काळे आहेत."

फारूकभाईंनी दाढीवरून हात फिरवला. "आपली लाल आहे."

"माझा एवढासा असंल व्हय?" यशोदाबाईंनी अंबाडा दाखवला.

केस आखूड होता, राठ होता आणि पांढराशुभ्र होता. सगळ्यांच्या नजरा हळूहळू मालोजीरावांच्या मिशीवर येऊन टेकल्या. त्यांनी मिशी चाचपली, जणू तिथली जागा मोजत होते.

"लावा आता टिकली," यशोदाबाई म्हणाल्या. "कपाळालाच लावा."

आधी फारूकभाई हसले. तो कमी बोलणारा माणूस, पण हसायला लागला की थांबेना. मग गणराजच्या हातातली ट्यूब हलायला लागली. मालोजीरावांनी तोंड गंभीर ठेवायची खूप खटपट केली, पण तेही फिस्कन हसले. हसून झाल्यावर त्यांनी हातमोजा काढला.

"ऱ्हाऊ दे केस," ते म्हणाले. "पोरी, गाडी पास."

रुपालीनं पदवी घेतली होती, कंपनीत बढतीही घेतली होती. पण माहेरी फोन करून तिनं जे सांगितलं ते हेच, की आप्पांनी गाडी पास केली.

दुपारी इंजिन बसलं. फारूकभाईंनी चावी फिरवली. इंजिन दोनदा खोकलं, धूर ओकलं आणि सुरू झालं.

"हा आवाज कसला?" मालोजीरावांनी विचारलं.

"इंजिनाचा, काका. लई दिवस गाडी बंद होती ना, विसरलात तुम्ही."

पहिली खेप यशोदाबाईंनीच ठरवली. इंद्रायणीच्या काठाला राहिलेल्या तुकड्यात त्या वांगी लावणार होत्या, आणि चाकणच्या पलीकडं त्यांच्या बहिणीच्या गोठ्यात शेणखत पडून होतं. शेणखत म्हटल्यावर मालोजीरावांनी एकदा नव्या रंगावरून हात फिरवला. त्यांनी मागं आधी ताडपत्री अंथरली, तिच्यावर सतरंजी, आणि शेणाच्या पाट्या टाकणाऱ्या साडूंना सांगितलं, "बेतानं सोडा, बेतानं."

"शेण हाय ते," यशोदाबाई म्हणाल्या, "नवरी न्हाई."

परतताना चाकणच्या चौकात गाड्या अडकल्या. पुढं कंटेनर, मागं कंपनीची बस, दोन्ही अंगांना मोटारसायकली. पिकअप एका सुरात गुरगुरत उभी होती, तापत नव्हती. शेजारचा मोटारसायकलवाला बॉनेटकडं बघून म्हणाला, "राव, नवी घेतली काय?"

मालोजीरावांनी काच पूर्ण खाली केली. "जुनीच हाय. सुनंनं रंगवली."

इंजिनाच्या उबेनं यशोदाबाईंचा डोळा लागला होता. बऱ्याच वेळानं त्या दचकून उठल्या. "आलं का मोशी?"

"कुठलं? कंटेनर आत्ता हातभर सरकला," मालोजीराव म्हणाले. "झोप निवांत."