दीपस्तंभाकडे पाठ

तीनशेव्या पायरीपाशी दानप्पा थांबला. दम लागला म्हणून नव्हे. तिथल्या कमरेएवढ्या खांबावरच्या दिव्याची काच त्याने खांद्यावरच्या पंच्याने पुसली, खांब जरा हलवून बघितला आणि मगच पुढची पायरी चढला.

"दानप्पा, एकेका खांबाची अशी विचारपूस करत बसलात तर दिवेलागण इथंच होईल," नीलांबिका अक्कोरे म्हणाल्या. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना सहा वर्षं झाली होती, पण गाव अजून त्यांना अक्कोरेच, म्हणजे शाळेतल्या बाईच, म्हणे. त्यांच्या पिशवीत तेलात भिजवलेल्या वातींचा डबा होता. कार्तिकातल्या दीपोत्सवाला सिद्धेश्वराच्या डोंगरावरचा दीपस्तंभ उजळायचा मान त्यांच्या घराकडे होता.

"तुमच्या वाती दरवर्षी नव्या, अक्कोरे. माझे दिवे तेच ते. म्हातारे झाले, विचारायला नको?"

"तुमच्यासारखेच."

"माझ्यापेक्षा बरे. त्यांचे गुडघे दुखत नाहीत."

बाई हसल्या, पण त्यांना ठाऊक होतं, आज दानप्पाला हसू वरवरचंच येत होतं.

डोंगराला सातशे पायऱ्या. बारा वर्षांपूर्वी वाटेवर दिवे बसवायचं ठरलं, तेव्हा देवस्थानचे अध्यक्ष गुरुपादगौडा वायरमन दानप्पाला म्हणाले होते, बारीक वायर ओढ, एवढ्याशा दिव्यांना लागतं काय. दानप्पा ऐकेना. "गौडरे, तुमचं शेत कालव्याच्या शेपटाला आहे. तिथं पाणी कसं पोचतं ते मी तुम्हाला काय सांगू? वाट लांब आणि वायर बारीक, तर माथ्यावरचे दिवे तसेच मिणमिणणार." गौडांनी पैसे मंजूर केले आणि जाड वायर आली. खालच्या पायऱ्यांची लाइन त्याने वेगळी ठेवली, वरच्यांची वेगळी. एक बिघडली तरी अर्धी वाट उजेडात राहावी म्हणून.

अंधार पडला की दिवे आपोआप लावणारा एक सेन्सर होता. गाव त्याला डोळा म्हणे. गेल्या वर्षी जुना डोळा बिघडला. दानप्पाने नवा आणून हाताशी येईल अशा जागी, माथ्यावरच्या देवस्थान कचेरीच्या भिंतीवर बसवला. समोर दोन हातांवर दीपस्तंभ. वर्षभर तो रिकामाच असतो, त्यामुळे दानप्पाच्या ध्यानातच आलं नाही. दीपोत्सवाच्या संध्याकाळी स्तंभ उजळला, डोळ्याला वाटलं दिवस उगवला, आणि मिनिटभरात वाटेवरचे सगळे दिवे विझले. पायऱ्यांवर माणसंच माणसं. म्हातारीकोतारी जागच्या जागी बसून राहिली. देवाच्या कृपेने कुणी पडलं नाही. पण गौडा सगळ्यांदेखत म्हणाले, "देवाचे दिवे लागले की आमच्या दानप्पाचे रुसतात." यंदा पुन्हा असं झालं तर डोंगराचं काम शहरातल्या माणसाकडे जाईल, हेही त्यांनी सांगून टाकलं होतं.

पाचशेव्या पायरीवर अक्कोरे हळूच म्हणाल्या, "मी यंदा निम्म्याच वाती लावू का? कोण मोजतंय?"

दानप्पा वळला. "देवाचे दिवे कमी करून माझे राखायचे? नको अक्कोरे. चार जास्त लावा."

माथ्यावर पोचले तेव्हा सूर्य टेकला होता. डोळा आता प्रसादाच्या स्वयंपाकघरामागे होता, दीपस्तंभाकडे पाठ आणि उत्तरेच्या आभाळाकडे तोंड करून. दानप्पाने स्तंभाच्या बाजूने बॅटरीचा झोत टाकून चार वेळा बघितलं होतं. पण स्तंभ पेटतो वर्षातून एकदा, त्याची तालीम कशी करणार?

काळोखू लागलं तसे वाटेवरचे दिवे लागले. पुजारी शिडीवर चढून वरच्या ओळी उजळू लागले, खालच्या अक्कोरेंनी लावल्या. एकेक वात लावताना त्या नमःशिवाय म्हणत होत्या, आणि त्यातला निम्मा तरी जप आज दानप्पासाठी होता. स्तंभ झळाळला. गौडा कठड्याशी जाऊन खाली बघत उभे राहिले. दानप्पा मात्र वाटेकडे पाठ करून देवळाच्या भिंतीला टेकला होता.

मिनिट गेलं. मग दुसरं. आरतीची घंटा सुरू होऊन थांबली.

"ये रे दानप्पा, बघ तरी," गौडा म्हणाले. "खालपर्यंत लखलखतंय. यंदा रुसवा निघाला म्हणायचा."

"रुसवा नव्हता गौडरे. माझी जागा चुकली होती."

प्रसादाचा द्रोण घेऊन तो अक्कोरेंपाशी येऊन बसला. द्रोण संपवून त्याने हात पुसले. मग म्हणाला, "अक्कोरे, तुमचं अक्षर चांगलं आहे. एक मोठा कागद लिहून द्या, बोर्डाच्या दाराला आतून चिकटवतो. कुठली लाइन कुठं जाते, वायर जाड का घेतली, सगळं. आणि खाली ठळक लिहा, डोळ्याचं तोंड दीपस्तंभाकडे करू नये."

"देते की."

"त्याच्याखाली लिहा, दानप्पाने एकदा केलं होतं. नाव घालून लिहा. नाहीतर माझ्यामागून येणाऱ्याला वाटेल, कुणीतरी उगाच नियम घालून ठेवलाय."