जोडी फुटली तेव्हा मी खूश होतो

माझी बायको या पौषात गेली. घरात आता बोलायला कोणी नाही म्हणून हे लिहायला बसलो. चौथीपर्यंत शाळा झाली, तेवढ्यात जमेल तसं लिहितो.

आमचं गाव मारेगावकडे. छप्पन-सत्तावन साली गावात खंजेरी भजनाची एक जोडी होती. गाणारा आमच्याच गावचा, कुणब्याचा. खंजेरीवाला शेजारच्या तांड्यावरचा. गाणारा ओळ टाकायचा आणि खंजेरीवाला ती अर्ध्यातूनच उचलायचा, कुठं एकाचं संपलं नि दुसऱ्याचं लागलं ते कळायचं नाही. लोक बैलगाड्या जुंपून ऐकायला येत.

माझी बायको त्यांच्यापायी वेडी होती. कापूस वेचताना ती बायांचे दोन भाग करायची. म्हणायची, "तुमी गळा व्हा, आमी खंजेरी होतो." मग एका पातीतून ओळ निघायची, दुसऱ्या पातीतून ती तोंडानं खंजेरी वाजवायची. खंजेरीवाला कुठं दम घेतो, कुठं मान झटकतो, सगळं बरोब्बर. मी शेताच्या धुऱ्यावर, बांधाशी गाठोडी बांधत ऐकायचो. मी रोज काय बोलतो ते तिला सांजेपर्यंत आठवत नसे, त्याचा दम घेणं मात्र पाठ होतं.

मग जोडी फुटली. शेजारच्या गावी भजनाची चढाओढ होती, बक्षीस एकच फेटा. पाटलानं तो गाणाऱ्याच्या डोक्याला बांधला आणि खंजेरीवाल्याच्या हातात नारळ देला. त्यानं खंजेरी पिशवीत घातली आणि चालता झाला. पुढं केळापूरकडे बहिणीच्या घरी राहून तिथल्या जिनात, कापसाची सरकी काढतात त्या कारखान्यात, कामाला लागला.

त्या दिवशी बायको जेवली नाही. मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

गाणाऱ्यानं दुसरा खंजेरीवाला बसवला, पण लोक मध्येच उठून जात. दोन वर्षं गावाला दुसरा विषय नव्हता. म्हातारे पारावर, बाया विहिरीवर, सगळ्यांचं एकच, जोडी जमली पाहिजे. आमच्या घरात तर सणाचा स्वयंपाकही त्याच गोष्टीत करपायचा.

शेवटी गावानं ठरवलं, चैत्राच्या सप्त्यात काल्याच्या दिवशी दोघांना एकत्र बसवायचं. गाणारा तयार झाला. खंजेरीवाल्याला सुपारी द्यायला कोण जाणार? त्या साली आमचा शेवटचा कापूस तिकडच्याच जिनात चालला होता. बायकोच सगळ्यांसमोर बोलली, "आमचे जातेत ना."

आमच्याकडे भजनवाल्याला बोलवायचं तर सुपारी हातात द्यायची. हातावर ठेवली म्हणजे मानानं बोलावलं. कुठं खाली ठेवून देली तर, आलास काय न नाही आलास काय, सारखंच. बायकोनं सुपारीला हळद-कुंकू लावलं, नव्या फडक्यात बांधली आणि माझ्या शेल्याला गाठ मारली. दहा वेळा बजावलं, "हातातच देजा."

तिनं माझ्यासाठी अशी गाठ कधी मारली नव्हती.

जिनाच्या दारात तो भेटला. रुई केसांत, मिशीत. मला पाहून धावत आला.

"राम राम भिया! वहिनी बरी हाये ना? अजून वेचता वेचता म्हणते का?"

त्याला हे माहीत होतं! त्याला ते कोणी सांगितलं, मी विचारलं नाही. मी फडकं सोडलं. त्यानं दोन्ही हात पुढं केले. मी सुपारी गाडीच्या दांडीवर ठेवली.

"गावानं पाठवली," मी म्हणालो.

तो हात तसेच धरून उभा होता. "हातात नाही द्याची का?"

"हातात कासरा हाये माह्या. घे ना तू, तुलेच आणली."

त्यानं सुपारीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. मग हात धोतराला पुसले. "राहू द्या भिया. बैल तहानले असतीन तुमचे, हौद तिकडं हाये."

काल्याच्या दिवशी बायको हिरवं लुगडं नेसून सकाळपासून देवळासमोर बसली. गाणारा दर दोन ओळींनी रस्त्याकडं पाही. ऊन डोक्यावर आलं, दहीहंडी फुटली, लोक प्रसाद घेऊन उठले. ती उठेना.

"हातातच देली ना?" तिनं विचारलं.

"हो."

"मंग त्यालेच यायचं नसन."

पुढच्या वेचणीत बायांनी म्हटलं, "चाल व्हय बाई खंजेरी." ती म्हणाली, "तुमीच व्हा." आणि मग कधीच गायली नाही. मला वाटलं होतं, तो गेला की तिचं लक्ष माझ्याकडं येईल. आलं नाही. ते कापसाकडंही राहिलं नाही.

साठ साल उलटल्यावर काही वर्षांनी खंजेरीवाला तापानं गेल्याची बातमी आली. बायको ओसरीवर बसून मोठ्यानं रडली. मी म्हणालो, "माह्यासाठी रडशीन का अशी?" ती म्हणाली, "पहिले मरा त खरं." मरायचा माझा नंबर लागलाच नाही.

तिच्या तेरवीला गाणारा आला होता. आता त्याला दिसत नाही, नातवाच्या खांद्याला धरून आला. पंगत उठल्यावर मी त्याला सगळं सांगून टाकलं. बायकोला उभ्या जन्मात सांगू शकलो नाही ते.

तो म्हणाला, "मले माहीत होतं रे. त्यानं तवाच मले निरोप धाडला होता, सुपारी खाली ठेवून देली, आता तू स्वतः येऊन ने म्हणून. मी गेलो नाही. लोक त्याचंच नाव जास्त घेत. मलेही पोटात दुखे. तुह्या एकट्याचा दोष नाही हा."

मला बरं वाटायला पाहिजे होतं. पण राग आला. तिला मी फसवलं, माझ्या बायकोला. यात हा कुठून आला?

मी म्हणालो, "तुमचं तुमी पाहा, बुवा. माह्यात वाटा मागू नका."

आणि नातवाला सांगितलं, आजोबाला घरी ने.