क्लेम फॉर्मवर अण्णांचं नाव

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. शाळेच्या ऑफिसात माझ्या शेजारी बसणाऱ्या दोघींना माझ्या सासूच्या गुडघ्यांपासून माझ्या बीपीच्या गोळीपर्यंत सगळं माहीत आहे — पण हे नाही. नवऱ्याला नाही, भावाला नाही. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. आणि एक आधीच सांगून ठेवते, सांगता सांगता मी मध्येच स्वतःला सांभाळून घेईन. जुनी खोड आहे माझी. तसं झालं तर मला मागे यावं लागेल, पुन्हा सांगावं लागेल. तेवढं चालवून घ्या.

तीन वर्षांपूर्वी, चाळिशीत, मी गाडी शिकले. मला स्वतःची गाडी हवी होती. घरात नवऱ्याची, म्हणजे संजयची, गाडी आहे, पण ती संजयची आहे — म्हणजे मी तिच्यात बसते, आणि उतरताना दार हळू लाव म्हणून ऐकून घेते. आरटीओत मी पहिल्या फटक्यात पास झाले. लायसन्स घरी आलं तेव्हा नवऱ्यानं ते उलटंपालटं करून पाहिलं आणि हसला. "फोटो बरा आलाय," म्हणाला. "पण वर्षभर हायवेला नेऊ नकोस. पहिल्याच महिन्यात ठोकशील, लिहून घे माझ्याकडून." हे माझ्या दोन्ही दिरांसमोर. दोघेही हसले. मीही हसले, काय करणार? पण ते मनात रुतून बसलं. इतकं क्षुल्लक वाक्य — आणि त्याच्यापायी मी काय करून बसले!

मला शिकवलं अण्णांनी. अण्णा म्हणजे माझे वडील. एकतीस वर्षं एसटीत ड्रायव्हर. नाशिक-मालेगाव, नाशिक-सटाणा, घाट, धुकं, जत्रेची गर्दी, रस्त्यात बसलेली जनावरं — एकतीस वर्षांत एक कोंबडी चाकाखाली आली नाही त्यांच्या. विनाअपघात सेवेचा बिल्ला मिळाला, डेपोत सत्कार झाला. घरात भांडण झालं की आई म्हणायची, "मिरवा तो बिल्ला!" आणि अण्णा खरंच मिरवायचे. रिटायर झाल्यावर कॉलनीत कुणाला दवाखान्यात न्यायचं असलं की अण्णांनाच हाक. गाडी ज्याची त्याची, ड्रायव्हर अण्णा. सिडकोतली अर्धी म्हातारी माणसं त्यांच्या शेजारी बसून दवाखान्यात गेली असतील. शेजारच्या पवारकाकांना तर आठवड्यातून दोनदा डायलिसिसला तेच न्यायचे, काकांच्याच गाडीतून. चहाशिवाय काही घ्यायचे नाहीत.

तपोवनातल्या मोकळ्या मैदानावर सकाळी सकाळी त्यांनी मला शिकवलं. कधी ओरडले नाहीत. गाडी बंद पडली की खिडकीबाहेर बघत बसायचे, जणू सिग्नल लागलाय. एकच गोष्ट त्यांनी शंभरदा सांगितली असेल : माणूस मागे उभा असल्याशिवाय गाडी मागे घ्यायची नाही. एसटीत कंडक्टर असतो. एक घंटी थांब, दोन घंट्या चल. तसंच ते माझ्या गाडीमागे उभे राहायचे आणि डिकीवर तळहातानं थाप मारायचे. दोन थापा म्हणजे येऊ दे. एक थाप म्हणजे थांब.

जुनी गाडी घेतानाही तेच बरोबर होते. गंगापूर रोडवरच्या एका रिटायर्ड गृहस्थांची पांढरी, छोटी, सात वर्षं वापरलेली गाडी. अण्णांनी पायाखालची मॅट उचलून गंज पाहिला, दारांचे रबर ओढून पाहिले, ऑइलचा थेंब बोटांत चोळून वास घेतला. मालक बिचारे मुलगी दाखवायच्या कार्यक्रमातल्या बापासारखे उभे. एजंट म्हणाला, "ताई, इन्शुरन्स अजून पाच महिने चालू आहे. राहू द्या की काकांच्याच नावावर. नाव काय, नंतर बदलता येतं, सगळे असंच करतात." मला पटलंही होतं. पण अण्णा चिडले. गाडी हिची, चालवणार ही, मग कागदावर त्यांचं नाव कशाला? उद्या हिच्याकडून काही झालं तर पोलिसांनी त्या माणसाचं दार का वाजवायचं? आधी गाडी माझ्या नावावर झाली, पॉलिसी माझ्या नावावर झाली, आणि मगच त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली. हे मुद्दाम सांगतेय. कागदावर खरं नाव असावं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं असं मला म्हणता येणार नाही.

त्यानंतर सतराव्या दिवशी निफाडला आत्याच्या नातीचा साखरपुडा होता. संजय त्याच्या गाडीतून सईला आणि दिरांना घेऊन पुढे गेला. मी आणि अण्णा माझ्या गाडीत. सई म्हणजे माझी मुलगी, तेव्हा पंधरा वर्षांची. मी हायवेनं गाडी नेली! ट्रक, ट्रॅक्टर, द्राक्षांचे पिकअप — सगळ्यांतून नेली. आत्याच्या दारात उतरले तर काय कौतुक! "पोरीनं गाडी आणली, लय भारी!" आत्यानं गाडीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. संजय बाजूला उभा राहून बघत होता, आणि त्याच्याकडे न बघता मी त्याच्याकडेच बघत होते. इतकी खूश मी लग्नातसुद्धा नव्हते.

अर्ध्या तासानं कुणीतरी ओरडलं, गाडी मागे घ्या, नवरदेवाकडची ट्रॅव्हलर आली. मी पळतच गेले. अण्णा मागोमाग आले आणि गाडीमागे उभे राहिले. घराच्या बाजूची बोळ होती, तिथे आम्ही दोघंच. पुढे मांडवात स्पीकर लावलेला. दोन थापा पडल्या. मी मागे येऊ लागले. मग एक थाप पडली. ऐकू आली मला. स्पष्ट ऐकू आली. आणि मी ब्रेकऐवजी ॲक्सिलेटर दाबला.

अण्णांनी उडी मारली म्हणून वाचले. नाहीतर... नाही, ते मी आजही पूर्ण मनात आणत नाही. गाडी मांडवाच्या लोखंडी खांबावर आणि त्याला टेकवलेल्या नव्या मोटारसायकलवर जाऊन आदळली. मागची काच फुटली. आणि माझा पाय तिथेच, इंजिन नुसतं बोंबलतंय. अण्णा उठले, दार उघडलं, किल्ली फिरवून गाडी बंद केली आणि म्हणाले, "उतर, बाळा." मी उतरले. ते बसले. अडकलेली गाडी त्यांनी अलगद पुढे काढली, मोटारसायकल मोकळी झाली. तेवढ्यात मांडवातली माणसं बोळीत शिरली.

स्टिअरिंगवर अण्णा. मी बाहेर उभी. लोकांनी काय समजायचं ते समजले. मी फक्त गप्प बसले.

नाही. बघा, केलंच मी. ही माझी आवडती ओळ आहे — "मी फक्त गप्प बसले." तीन वर्षं मनातल्या मनात हेच म्हणत आलेय. खोटं आहे. संजय सगळ्यांत पुढे होता. त्यानं अण्णांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि विचारलं, "काय झालं?" अण्णा माझ्याकडे बघत होते. मी सांगावं म्हणून थांबले होते, मला ते कळत होतं. आणि मी म्हणाले, "अण्णांचा पाय सटकला बहुतेक."

बहुतेक! तो शब्दसुद्धा मी नीट निवडून टाकला.

अण्णांनी स्टिअरिंगवरचे हात काढून घेतले. मग म्हणाले, "हां... सटकला असंल." एरवी ते असं बोलत नाहीत. चारचौघांत ओशाळले की गावाकडची बोली येते त्यांच्या तोंडी. ते उतरले तेव्हा शर्टाच्या सगळ्या पाठीला माती होती, कोपरं खरचटलेली. गाडी चालवणाऱ्याच्या पाठीला माती कशी लागेल? एवढ्या माणसांत कुणालाही हा प्रश्न पडला नाही. मी ती माती झटकायला पुढे झाले. झटकत होते की पुसून टाकत होते? सरळच सांगते, पुसून टाकत होते.

इथे थांबले असते तरी एक वेळ म्हणता आलं असतं की घाबरले होते. पण त्यानंतर चार दिवस गेले. चांगले चार दिवस. गाडी गॅरेजमध्ये, इन्शुरन्सचा सर्व्हेअर बघायला आला. क्लेम फॉर्मवर एक रकाना असतो : अपघाताच्या वेळी वाहन कोण चालवत होतं. मी अण्णांचं नाव लिहिलं, माझ्या हातानं, सुवाच्य अक्षरात. कारकून आहे मी, फॉर्म भरणं माझ्या हातचा मळ. सर्व्हेअर म्हणाला, चालवणाऱ्याचा लेखी जबाब लागेल, आणि लायसन्सची झेरॉक्स. मी कोरा कागद घेऊन अण्णांकडे गेले.

एकतीस वर्षांत त्यांच्यावर अपघाताचा रिपोर्ट लिहायची वेळ आली नव्हती. त्यांना तो लिहिता येत नव्हता. त्यांनी चष्मा लावला, पेन उघडलं आणि मला विचारलं, "काय लिहू?"

आणि मी सांगितलं. ओळ न् ओळ मी सांगितली. "मी गाडी मागे घेत असताना..." लिहा अण्णा. "माझा पाय ब्रेकवरून सरकून..." लिहा. त्यांचं अक्षर मोठं आहे, सावकाश लिहितात. 'ॲक्सिलेटर' लिहिताना अडले, तेव्हा मी कागदाच्या कडेला तो शब्द लिहून दाखवला. त्यांनी तो बघून उतरवला. खाली सही केली. कागद माझ्याकडे देताना एवढंच विचारलं, "तुझ्या पॉलिसीला काही त्रास नाही ना होणार?"

हेच ते. एवढी वळणं घेत मी इथे येत होते. खोटं बोलले हे नाही — बापाला समोर बसवून त्याच्याच हातानं, त्याच्याच सहीनिशी ते लिहून घेतलं.

आणि गरज होती का? क्लेम पास झाल्यावर सर्व्हेअर सहज म्हणाला, "मॅडम, तुम्ही चालवत असता तरी काही फरक पडला नसता. लायसन्स व्हॅलिड आहे तुमचं." म्हणजे कंपनीसाठी ते खोटं नव्हतंच. ते होतं फक्त संजयच्या त्या एका वाक्यासाठी. दिरांच्या हसण्यासाठी.

महिन्याभरात दादानं — म्हणजे माझ्या भावानं — अण्णांना सांगून टाकलं, आता बास, वय झालं. पवारकाकू मला मंडईत भेटल्या. त्यांनाच अवघडल्यासारखं झालं होतं. "अगं, अण्णांना वाईट वाटू देऊ नकोस. पण काकांना आता आम्ही रिक्षानंच नेतो. उगाच जोखीम नको." कोथिंबीर हातात धरून मी "हो, बरोबर आहे" म्हटलं. बरोबर आहे! तिथेच सांगता आलं असतं. काकू काही मला खाणार नव्हत्या. लायसन्सची मुदत संपत आली तेव्हा मी अण्णांना म्हटलं, चला, मेडिकल करून आणू, नवं काढू. ते नको म्हणाले. मी पुन्हा विचारलं नाही. खरं सांगू? त्यांनी नको म्हटल्यावर मला हलकं वाटलं.

अजून एक राहिलंय, आणि ते मला सगळ्यांत जड जातं. पहिलं वर्षभर अण्णा त्या दिवसाबद्दल कधी बोलायचे नाहीत. आता बोलतात. कुणी विचारलं तर सांगतात, "पाय सटकला, काय करणार." माझ्याकडे न बघता सांगतात. मला सांभाळून घ्यायला सांगतात, की सांगून सांगून त्यांना तसंच आठवायला लागलंय? मला कळत नाही. विचारायची छाती नाही. जिना उतरताना हल्ली ते उजवा पाय आधी चाचपून टाकतात. डॉक्टर म्हणतात, पायात काही दोष नाही.

गेल्या महिन्यात सई अठराची झाली. लर्निंग लायसन्स आलं तशी नाचतच अण्णांकडे गेली — "आजोबा, मम्मीला तुम्ही शिकवलंत, मलाही तुम्हीच शिकवायचं!" मी दारात चपला काढत होते. अण्णा कसंनुसं हसले. म्हणाले, "मी नको गं. माझ्या पायाचा भरवसा नाही. तुझ्या आईकडून शीक, ती चांगली चालवते."

आणि मी, मी काय केलं? "चल," म्हटलं, "मी शिकवते."

रविवारी सकाळी मी तिला तपोवनाकडे घेऊन निघाले. द्वारकेच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा तिनं विचारलं, "मम्मी, आजोबांनी तेव्हा खरंच ब्रेकऐवजी ॲक्सिलेटर दाबला होता?"

गाडीत आम्ही दोघीच होतो. काचा वर होत्या. सिग्नलला अजून चाळीस सेकंद होते.

मी म्हणाले, "हो गं. वय झालं की होतं असं."