दादाचा इंग्रजी पिक्चर

पिक्चर संपायला पाच मिनिटं उरली की दादा व्हिडिओ बंद का करायचा? हे मी कॅम्पमधल्या प्रत्येकाला विचारलं. दादा होता तेव्हा विचारलं, आता तो नाही तरी विचारतो. कुणी सांगत नाही.

बाकी किस्से मात्र पाहिजे तेवढे. सौदीतल्या अबकैकच्या आमच्या केबिनमध्ये दार-खिडक्या घट्ट लावल्या तरी वाळू आत येतेच, तसेच हे. झाडून टाकावेत तर गादीखाली पुन्हा सापडतात.

दादा, माझा थोरला भाऊ, वेल्डर. त्याने मारलेले जॉइंट मी ग्राइंडरने घासायचो. जिकडे बघावं तिकडे नवीन प्लांट, नवीन पाइप. सुट्टी फक्त शुक्रवारी, आणि थिएटर तर या देशात नाहीच. म्हणून सगळ्यांनी मिळून एक व्हिडिओ घेतला होता.

*

तो पिक्चर कुलकर्णीसाहेबांनी दिला. पुण्याचे इंजिनियर. म्हणाले, "अगदी नवीन निघालाय. कादंबरी मात्र शंभर वर्षांपूर्वीची, व्हिक्टोरिया राणीच्या काळातली. आम्हाला कॉलेजात होती."

आमच्या मेसचे आचारी कासमभाई दापोलीकडचे. मिठावरसुद्धा संशय घेणारा माणूस! त्यांनी कॅसेट उलटसुलट करून पाहिली. "साहेबाला आवडला असता तर त्याने आपल्याला दिला असता काय रे?"

लावला. गाणं नाही, फाइट नाही. धुक्यात एक मोठं घर, काळ्या कपड्यांतली माणसं आणि नुसतं बोलणं.

"कोण मेलंय यांच्यात?" सावंत फिटरने विचारलं.

"अजून कुणी नाही," दादा म्हणाला. "जरा धीर धर की!"

*

इंग्रजी कुणालाच समजेना, म्हणून दादा टीव्हीशेजारी उभा राहून मराठीत सांगायला लागला. तो दहावी झालेला, मी आठवी नापास. पिक्चरमध्ये दोन भाऊ असतात. थोरला बोटीने लांबच्या गरम मुलखात कमवायला जातो. धाकटा हट्ट करून त्याच्यामागे जातो. आमची शुक्रवारची दुपार त्यातच जायला लागली. तोच पिक्चर, पुन्हा पुन्हा!

एकदा पडद्यावरची बाई एका माणसाशी खूप वेळ बोलली. दादाने सांगितलं, "ती लग्नाला नाही म्हणते."

"कशावरून?" कासमभाई लगेच. "एवढं बोलली आणि तू दोन शब्दांत उरकलंस?"

"नाही ती शेवटी म्हणाली. आधीचे सगळे आभार होते!"

*

एका शुक्रवारी गेटवरचा सिक्युरिटीवाला आला. पडदे ओढलेले, आत एवढी माणसं. त्याला वाटलं, काहीतरी वाईट चाललंय. कमरेवर हात ठेवून तो टीव्हीसमोर उभा राहिला. पडद्यावर सगळ्या बायका. गळ्यापर्यंत बटणं, मनगटापर्यंत बाह्या, डोक्यावर टोप्या.

थोड्या वेळाने तो अरबीत काहीतरी बोलला. कासमभाईंनी सांगितलं, "म्हणतो, बायका चांगल्या घरच्या दिसतात."

मग तो खाली बसला. चहा घेतला. जाताना त्याने दारातून दादाला विचारलं, पुढच्या शुक्रवारी किती वाजता?

*

मला वाटायचं, दादा पिक्चर सांगत नाही, आमच्या घरचं सांगतो. त्यातला धाकटा भाऊ हुबेहूब माझ्यासारखा बोलायचा! "मला हा फोरमन नको, मी चाललो गावाला!" हे मी आदल्याच दिवशी दादाला बोललो होतो. सगळे माझ्याकडे बघून हसायला लागले. माझं डोकं फिरलं. मी चप्पल काढून टीव्हीवर मारली.

दादा शांतपणे म्हणाला, "थांबा, आता पिक्चरमध्येही हेच होणार आहे."

पडद्यावरच्या धाकट्याने भिंतीवर ग्लास फोडला!

*

शेवट आला की दादा टीव्हीच्या पुढ्यात उभा राहायचा आणि बटण दाबायचा. "यल्ला, खलास! उद्या ड्युटी."

सावंत म्हणायचा, शेवटी मुका असणार. कासमभाई म्हणायचे, याला शेवट समजलेलाच नाही. आम्ही कुलकर्णीसाहेबांना गाठलं. साहेब, तुम्ही तर कादंबरी वाचलीय, शेवट काय?

साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. "तो भाग मी ऑप्शनला टाकला होता!"

*

दादाने खोबर शहराच्या बाजारातून वहिनीसाठी साड्या आणि आईसाठी ब्लँकेट आणलं. ब्लँकेटवर हा एवढा वाघ!

"आई घाबरेल," मी म्हणालो.

"वाघ बाहेरच्यांना दिसतो रे. पांघरणाऱ्याला नाही."

ब्लँकेट त्याने खाटेखाली ठेवलं. सुट्टीत आपल्या हाताने आईच्या अंगावर घालणार होता.

*

एकदा सांगता सांगता दादा मध्येच खाली बसला आणि त्याने तोंडात एक गोळी टाकली.

"अॅसिडिटी," तो म्हणाला.

"माझ्या जेवणाने?" कासमभाई चिडले. मग त्यांनी वाकून त्याच्या तोंडाकडे पाहिलं. "अॅसिडिटीची गोळी जिभेखाली धरतात काय रे?"

"कासमभाई, पिक्चर तिकडे आहे!"

सगळे हसले. मीच सर्वांत मोठ्याने.

पुढे एका सकाळी दादा साइटवर शिडीच्या पायरीवर बसला, तो उठलाच नाही. डॉक्टरने मला विचारलं, "इसको पहले से तकलीफ थी, तुमको मालूम नहीं था?" मी कासमभाईंकडे पाहिलं. कासमभाईंनी सावंतकडे. सावंतने जमिनीकडे.

मी सावंतची कॉलर धरली. "तुम्हाला ठाऊक होतं ना?" त्याने कॉलर सोडवून घेतली नाही.

*

दादाला दम्मामच्या हॉस्पिटलमध्ये ठेवलं होतं. मयताचे कागद एकदाचे झाले. शनिवारच्या विमानाने मी त्याला घेऊन निघणार होतो. आदल्या दिवशी, शुक्रवारी दुपारी, मी कॅसेट घातली. म्हटलं, आज शेवट बघायचाच.

"नको रे बाळ्या," कासमभाई म्हणाले.

"का नको? तुम्ही बघितलाय?"

कासमभाईंनी खांद्यावरचं फडकं उगाच झटकलं. पिक्चर चालू झाला. आज सांगणारं कुणी नव्हतं. दादा बटण दाबायचा ती जागा आली. मी दाबलं नाही.

धुक्यात बंदर. बोट लागलेली. चार माणसं फळीवरून एक लांब लाकडी पेटी उतरवत होती. मागून धाकटा भाऊ, डोक्यावर टोपी नाही.

सगळे खाली बघत होते. मी उठलो आणि टीव्हीशेजारी, दादाच्या जागेवर जाऊन उभा राहिलो.

"दोघं भाऊ घरी पोचले," मी सांगितलं. "पेटी भरून सामान आणलंय. वहिनीला साड्या आहेत. आईला ब्लँकेट आहे."

पडद्यावर एक म्हातारी पेटीवर कोसळली. सगळ्यांनी कासमभाईंकडे पाहिलं. आता ते 'कशावरून' म्हणणार.

कासमभाईंनी खांद्यावरच्या फडक्याने तोंड पुसलं. "ब्लँकेट कुठलं रे? वाघवालं?"

"वाघवालंच," मी म्हणालो. "म्हातारी बघा, घाबरली नाही. तिने ते पांघरलं." आणि पडद्यावर नुसत्या मुंग्या येईपर्यंत मी सांगत राहिलो.