खिडकीतला अँटेना

पार्सिपनीच्या आमच्या घरून पाहुणे मायदेशी परत निघाले की हे त्यांना विमानतळावर सोडून यायचे आणि अंगातला कोटही न काढता स्कॅनर लावून बसायचे. स्कॅनर म्हणजे वैमानिकांचं आणि कंट्रोलरचं बोलणं पकडणारा रेडिओ. पाहुण्यांचं विमान उडालं, लांब गेलं, वैमानिकाचा आवाज खरखरीत बुडाला, की हे म्हणायचे, "चला, आता पोचतील." मग स्कॅनर बंद. तोवर पानावर यायचे नाहीत. माझी आई परत गेली तेव्हा मी आमटी तीनदा गरम केली होती.

अँटेना दोन होते. एक छतावर, जुना. गुडघ्यांमुळे शिडी चढणं बंद झालं तेव्हा यांनी दुसरा खिडकीत लावला, तांब्याच्या नळ्या कापून स्वतः केलेला. यांच्या हातून पुरी झालेली ती शेवटची वस्तू. मधे एक खटका होता, तो फिरवून कधी हा, कधी तो ऐकायचा. मी एकदा विचारलं होतं, दोन्ही एकदम जोडले तर दुप्पट ऐकू येणार नाही का?

"एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. एकमेकांचं बोलणं खोडून काढतात."

"म्हणजे तुम्ही आणि तुमची बहीण," मी म्हटलं होतं.

यंदा हे गेले. अस्थी गोदावरीतच जायला हव्यात, असं सांगून ठेवलं होतं. माझ्या हृदयामुळे डॉक्टरांनी मला एवढा प्रवास मना केला. मुलगा एकटा निघाला. दारात थांबून म्हणाला, "आई, तुला ओके वाटत नसेल तर फ्लाइट कॅन्सल करतो."

"त्यांना किती दिवस कपाटात ठेवायचं? जा तू."

गाडी वळली आणि मला संताप आला. माझ्या माहेरच्या एकेका माणसाला यांनी कानाने शेवटपर्यंत पोचवलं होतं. यांना पोचवायला कोणी नको? मी स्कॅनरपाशी जाऊन बसले.

यांचा फोटो ठेवण्यासाठी मुलाने ते टेबल आवरलं होतं. खटका कुठे ठेवला कोण जाणे. अँटेनांच्या दोन तारा लोंबत होत्या आणि स्कॅनरला भोक एकच. ड्रॉवरमध्ये टीव्हीची तार दोन खोल्यांत वाटायचा छोटा डबा सापडला. तो उलटा लावून मी दोन्ही तारा त्यात खुपसल्या. यांचं म्हणणं मला आठवत होतं. पण त्या दिवशी यांच्या हातचं काहीच बाजूला काढायची माझी तयारी नव्हती.

यांच्या अक्षरातल्या चिठ्ठीवरचे स्टेशनांचे आकडे एकेक करून दाबले. नुसती खरखर, मधेच अर्धा शब्द. विमानाची वेळ उलटून चालली. अखेर डबा काढला, छताची तार सरळ स्कॅनरला लावली आणि खिडकीतली मांडीवर घेतली.

आवाज लख्ख आला. थोड्या वेळाने मुलाच्या विमानाचा नंबर कोणीतरी उच्चारला. कंट्रोलरने वैमानिकाला पुढच्या स्टेशनचा आकडा सांगितला, तो मी पाकिटाच्या पाठीवर लिहिला आणि दाबला. पुन्हा तेच विमान. असं तीनदा झालं. पुढे पुढे कंट्रोलर ऐकू येईना, विचारणारा गप्प आणि उत्तर देणारा तेवढा वरून बोलतोय. वैमानिक शांतपणे उंचीचे आकडे सांगत होता. त्याला माहीत नव्हतं, पण त्याच्या पाठीमागे कुठेतरी, मुलाच्या पायाशी, पिशवीत माझा नवरा होता. मी खूप रडले.

मग तोही आवाज बुडाला. खरखर उरली. आता कोणीतरी ते वाक्य म्हणायला हवं होतं. सवयीने मी थोडा वेळ वाट पाहिली.

"चला, आता पोचाल," मी म्हटलं, आणि स्कॅनर बंद केला.