बाबांचा बटर

मंडळी, परळच्या हॉस्पिटलच्या जिन्यात बसून लिहितेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

ऑपरेशननंतर बाबा काही म्हणजे काही खात नाहीयेत. आज दुपारी पहिल्यांदा स्वतःहून म्हणाले, "बटर दे." सिस्टरने लोण्याची चकती आणली. बाबांनी तोंड फिरवलं. तेव्हा माझी ट्यूब पेटली. लालबागच्या चाळीत चहात बुडवून खायचो, तो गोल कडक बटर!

आमची लालबागची बेकरी पाडून तिथे टॉवर झालाय. म्हणून टॅक्सीने दादर, तिथून समुद्राच्या कडेकडेने गिरगाव. काचेच्या प्रत्येक दुकानात तेच, "मॅडम, बटर क्रोसाँ आहे ना!" चौपाटीवर लोक सूर्यास्ताचे फोटो काढत होते आणि मी रडत बेकऱ्या शोधत होते.

शेवटी कफ परेडच्या मच्छीमार नगरात, वाळत घातलेल्या जाळ्यांच्या मागे एक छोटी बेकरी दिसली. गल्ल्यावरच्या मावशींनी विचारलं, "जिऱ्याचे देऊ की साधे?" मी दोन्ही घेतले.

बाबांनी बटर हातात घेतला, चक्क हसले. मग कॅन्टीनच्या चहाचा इवलासा कागदी कप बघितला. बटर त्यात जाईना.

"बशी?" म्हणाले.

मी वाटी पुढे केली. त्यांनी मान हलवली, बटर उशाशी ठेवला आणि डोळे मिटले.

कॅन्टीनमध्ये बशी नाही. आमच्या घरीही आता सगळे मगच आहेत. परळ, लालबाग, करी रोडला कुणाकडे अजून कपाखाली बशी असते का? सांगा ना, आत्ता घ्यायला येते.